एस्प्रेसोचा ब्लेंड: कुठली कॉफी, किती आणि का

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी कॅफेंत आणि होमस्टेंत आता एस्प्रेसो मशीन दिसतं. मशीन घेताना महिनाभर चौकशी चालते. कॉफी मात्र फोनवर दोन वाक्यांत ठरते: "चांगली असेल ती पाठवा." मग जे येतं ते कधी इतकं कडू असतं की साखरेशिवाय घोट उतरत नाही, तर कधी इतकं आंबट की दूध नासलंय की काय असं गिऱ्हाईक विचारतं. पुष्कळदा त्या बियांत काही खोट नसते. त्या भलत्याच कामाला लावलेल्या असतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. वाण्याकडे मिळणाऱ्या फिल्टर कॉफीच्या पुड्यावर ८०:२० किंवा ७०:३० लिहिलेलं असतं. पुष्कळांना ते अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जातींचं प्रमाण वाटतं. ते कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण आहे. चिकोरी हे कॉफीचं बी नव्हेच, एका झाडाचं मूळ भाजून केलेली ती पूड आहे. कायद्याने अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते, बाकी चिकोरी चालते. पितळी फिल्टरमध्ये ती दाट, गडद काढा देते आणि तिथे ती शोभतेही. एस्प्रेसो मशीनमध्ये ती पाणी पिऊन चिकट होते, जाळी बुजवते आणि शॉट, म्हणजे मशीनमधून एका वेळी काढलेली एस्प्रेसो, अडकवते. मशीनसाठी फक्त शंभर टक्के कॉफी, तीही अख्ख्या बिया आणून आपल्याच कॅफेत दळलेली.

आता एस्प्रेसोत नेमकं काय होतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बारीक दळून दाबून बसवलेल्या पुडीतून सुमारे ९ बार दाबाने, ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं पाणी पंचवीस ते तीस सेकंदांत काढायचं. चालू माप असं: कोरडी पूड १८ ग्रॅम, कपात द्रव ३६ ग्रॅम. या द्रवात ८ ते १२ टक्के कॉफी विरघळलेली असते. कागदाच्या फिल्टरमधून गाळलेल्या कॉफीत हे प्रमाण साधारण सव्वा ते दीड टक्का. म्हणजे एस्प्रेसो सहा ते आठ पट घट्ट. पातळ कॉफीत लिंबाच्या सालीसारखा हलका लागणारा आंबटपणा इथे जिभेला टोचतो, आणि तिथे जाणवलाही नसता असा कडूपणा इथे घशाशी बसून राहतो. एकट्या प्रदेशाची कॉफी एस्प्रेसोत क्वचितच सगळ्या बाजूंनी जमून येते ती यामुळे. एकीत सुगंध असतो पण अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, नसतं; दुसरीत अंग असतं पण चव एकसुरी. ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या कॉफींचं मिश्रण, करायचा तो ही तूट भरून काढायला. चांगल्या कॉफीत स्वस्त कॉफी खपवण्यासाठी केलेला ब्लेंड पहिल्याच घोटाला कळतो.

आधी कप, मग बी

बिया निवडण्याआधी आठवडाभराची बिलं काढा आणि मोजा: दुधातले कप किती, काळे किती, बर्फ-आइसक्रीमवाले किती. किनाऱ्यावरच्या बहुतेक ठिकाणी दुधाचं पारडं फार जड निघतं, आणि उन्हाळ्यात कोल्ड कॉफी पुढे जाते. उत्तर काय येतं त्यावर ब्लेंड ठरतो.

दूध कॉफीचं बरंच काही झाकतं. त्यातलं स्निग्ध जिभेवर थर धरतं, सुगंधाची धार कमी करतं आणि त्याची साखर कडूपणा मऊ करते. टोन्ड दुधात फॅट ३ टक्के, फुल क्रीममध्ये किमान ६ टक्के. हा फरक लहान नाही. टोन्ड दुधात छान लागणारा ब्लेंड फुल क्रीममध्ये घातला की कॉफीचा नुसता रंग उरतो. म्हणून बियांच्या आधी दुधाची पिशवी ठरवा आणि ती बदलू नका. दूध बदललं तर ब्लेंड पुन्हा तपासायचा.

कच्च्या कैरीचं लोणचं आणि पिकल्या आंब्याचा रस जसे एकाच फळाचे पण दोन वेगळे पदार्थ, तसं कॉफीचं आहे. एकाच मळ्यातली फळं कशी तोडली आणि कशी वाळवली यावरून चव इतकी बदलते की नुसतं गावाचं नाव सांगून काही सांगितल्यासारखं होत नाही. कॉफी हे फळ आहे, आपल्याला हवी ती आतली बी. फळाचा गर काढून, चिकटा आंबवून, धुऊन मग वाळवली की ती वॉश्ड: चव स्वच्छ, आंबटपणा स्पष्ट, अंग मध्यम. फळ तसंच अख्खं वाळवलं की ती नॅचरल: गोडवा जास्त, अंग भरीव, फळाचा वास, आणि वाळवण नीट झालं नाही तर आंबूस दर्प. आपल्याकडच्या व्यापारात यांना वेगळी नावं आहेत आणि ती पाठ असलेली बरी. धुतलेल्या अरेबिकाला 'प्लांटेशन' म्हणतात, न धुतलेल्या अरेबिकाला 'अरेबिका चेरी', धुतलेल्या रोबस्टाला 'रोबस्टा पार्चमेंट' आणि न धुतलेल्याला 'रोबस्टा चेरी'. पुढे लागणारी एए, ए, बी ही अक्षरं बीच्या आकाराची आहेत. पीबी म्हणजे फळात एकच गोल बी धरलेली. काजूगराच्या २४०, ३२० या प्रतींसारखंच हे: आकार कळतो, चव कळत नाही. एए आहे म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी चाखून पाहा. एस्प्रेसोसाठी एकसारखी 'ए' प्रत पुष्कळदा पुरेशी असते.

रोबस्टाची बाजू

रोबस्टा म्हटलं की नाक मुरडण्याची पद्धत पडली आहे, आणि वाईट रोबस्टा प्यायलेल्या माणसाचं त्यात चुकतही नाही. नीट न वाळवलेल्या, फुटक्या, काळ्या बियांच्या रोबस्टा चेरीला जळक्या रबराचा आणि ओल्या गोणपाटाचा वास येतो. कितीही अरेबिका ओतली तरी तो लपत नाही. पण धुतलेला, वेचलेला रोबस्टा ही वेगळीच वस्तू आहे. 'कापी रॉयल' या नावाने विकली जाणारी धुतलेल्या रोबस्टाची प्रत चाखलेल्याला हे पटेल: कडूपणा कोको पावडरसारखा, शेवट कोरडा पण स्वच्छ.

दुधाच्या ब्लेंडमध्ये रोबस्टा तीन कामं करतो. अंग देतो. दुधातून वर येईल इतका कडूपणा देतो. आणि क्रेमा, म्हणजे शॉटवरचा तो तांबूस साईसारखा थर, दाट आणि टिकाऊ करतो. क्रेमा म्हणजे बीत अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडचे दाबाखाली तयार झालेले बारीक बुडबुडे. स्निग्धांश जास्त असला की बुडबुडे लवकर फुटतात. अरेबिकात तो साधारण १५ टक्के, रोबस्टात १० च्या आसपास. त्यामुळे रोबस्टाचा फेस जास्त वेळ टिकतो. क्रेमा जाड दिसला म्हणजे कॉफी उत्तम, असं मात्र नाही.

कॅफिनचाही हिशोब ठेवा. अरेबिकात ते साधारण १.२ टक्के, रोबस्टात २.२ टक्के आणि त्याहून वर. ब्लेंडमध्ये ३० टक्के रोबस्टा घातला की कपातलं कॅफिन सुमारे पाव पटीने वाढतं. संध्याकाळी कॅपुचिनो पिऊन रात्रभर जागणारे पाहुणे असतील तर कारण इथे शोधा.

दक्षिणेच्या चार वाटा आणि एक वारा

कोकणातल्या कॅफेने आधी दक्षिणेकडे बघावं, असं आमचं ठाम मत आहे. माल रस्त्याने दोन-तीन दिवसांत येतो, दर हंगामात तोच प्रदेश पुन्हा मिळतो, आणि परदेशी कच्च्या कॉफीवरचं जड आयात शुल्क भरावं लागत नाही.

चिकमगळूर आणि तिथली बाबाबुडनगिरी हा अरेबिकाचा पहिला पत्ता. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून इथल्या डोंगरात लावल्या, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. इथली धुतलेली अरेबिका मध्यम भाजली की चॉकलेट, भाजलेला सुका मेवा आणि सौम्य आंबटपणा देते. ब्लेंडचा पाया म्हणून हिच्याइतकी विश्वासाची दुसरी नाही. कोडगूत अरेबिका आणि रोबस्टा दोन्ही, मिरवेल आणि संत्र्याच्या झाडांच्या सोबतीने. केरळातलं वायनाड मुख्यतः रोबस्टाचं. आंध्रातल्या अराकूची अरेबिका जास्त उजळ आणि फळाच्या अंगाने जाणारी. काळ्या कॉफीत ती खुलते, दुधात हरवते. कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकूच्या अरेबिकाला, तसंच वायनाडच्या रोबस्टाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे नाव नीट विचारून घेण्याची सोय झाली आहे.

आणि मग मॉन्सून्ड मलबार. ही कॉफी आपल्याच समुद्रावरच्या वाऱ्याने घडते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला कित्येक महिने घ्यायची. ओल्या खाऱ्या हवेत बिया फुगायच्या, पिवळट व्हायच्या, त्यांचा आंबटपणा जायचा. वाफेची जहाजं आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, प्रवास आटोपता झाला आणि ताजी हिरवी कॉफी पोचायला लागली. तिकडच्या लोकांना जुनीच चव हवी होती. मग जहाजात आपोआप व्हायचं ते किनाऱ्यावरच्या गोदामांत मुद्दाम करायला सुरुवात झाली. आजही मंगळूरच्या परिसरात जून ते सप्टेंबर हे काम चालतं. न धुतलेल्या बिया बाजूंनी उघड्या गोदामात १०-१५ सेंटिमीटरचा थर करून पसरतात, फावड्याने वरखाली करतात, मग गोण्यांत सैल भरून वारा खेळेल अशा रांगा लावतात, आणि मधूनमधून ओतून पुन्हा भरतात. बारा ते सोळा आठवड्यांत बी जवळपास दीडपट फुगते, फिकट सोनेरी होते, आणि तिच्यातली ओल १३ ते १४.५ टक्क्यांपर्यंत जाते.

कपात तिचा आंबटपणा जवळजवळ शून्य, अंग जड, वास मातीचा आणि मसाल्याचा. दुधाच्या ब्लेंडमध्ये २० टक्के मॉन्सून्ड घातली की धुतलेल्या अरेबिकाच्या कडा गोल होतात. ३५ टक्क्यांच्या वर गेलात की जुन्या पेटाऱ्याचा वास यायला लागतो. हलकी भाजली तर धान्यासारखी कच्ची लागते, म्हणून ती मध्यम-गडदच हवी. आणि बी पोकळ, हलकी असल्याने भट्टीत भराभर पुढे जाते. भाजणाऱ्याने सुरुवातीचा ताव कमी ठेवावा लागतो.

परदेशी कॉफीबद्दल थोडक्यात. ब्राझीलची नॅचरल म्हणजे जगभरच्या एस्प्रेसो ब्लेंडचा पाया: कमी आंबट, दाण्या-चॉकलेटची. आपल्याकडे तिचं काम चांगली अरेबिका चेरी बऱ्यापैकी करते. इथिओपियाची नॅचरल १५-२० टक्के घातली की बोरांसारख्या फळांचा सुगंध येतो, तो काळ्या कॉफीतच शोभतो. सुमात्राची मातकट, जड कॉफी मॉन्सून्डच्याच जागेवर बसते. एका ब्लेंडमध्ये दोन्ही नकोत.

प्रमाण कसं बसवायचं

ब्लेंडमधल्या प्रत्येक कॉफीला एक काम द्या: पाया, अंग, सुगंध. काम सांगता येत नसेल तर ती कॉफी काढा. लहान कॅफेला दोन किंवा तीन कॉफी पुरतात. पाच-सहांचा ब्लेंड बसला तरी दर हंगामात पाचही जागा पुन्हा भरणं जमत नाही.

टोन्ड दुधासाठी सुरुवात अशी करा: चिकमगळूर प्लांटेशन ए ६० टक्के, धुतलेला रोबस्टा २०, मॉन्सून्ड मलबार २०. फुल क्रीमसाठी ५०, ३०, २०. आइसक्रीमवाल्या कोल्ड कॉफीला रोबस्टा ४० टक्क्यांपर्यंत चालतो, कारण थंडीने जिभेला कडू-गोड दोन्ही कमी जाणवतं. काळ्या एस्प्रेसोसाठी अरेबिका चेरी किंवा चांगली नॅचरल ६०, धुतलेली अरेबिका ४०. क्रेमा फारच पातळ वाटला तर धुतलेला रोबस्टा १० टक्के, दोन्हीतून थोडं कमी करून. ही सुरुवात आहे. तुमच्या बिया आणि तुमचं पाणी यावरून पाच-दहा टक्के इकडे तिकडे होणारच.

प्रमाण नेहमी दहा टक्क्यांच्या पावलांनी बदला. दोन-तीन टक्क्यांचा फरक कपात दिसतच नाही, याला साधा हिशोब आहे. भाजलेली अरेबिकाची एक बी साधारण ०.१३ ग्रॅमची. १८ ग्रॅममध्ये सुमारे १४० बिया. ब्लेंडमध्ये ५ टक्के इथिओपिया घातली तर एका शॉटमध्ये सरासरी सात बिया. पण हॉपरमधून, म्हणजे ग्राइंडरवरच्या बियांच्या भांड्यातून, बिया मोजून पडत नाहीत. एका शॉटला चार येतील, पुढच्याला दहा. गिऱ्हाईकाला आज फळांचा वास आला, उद्या नाही, असं होतं ते यामुळे. १५ टक्क्यांखाली कुठलीही महागडी कॉफी घालू नये. साध्या दुरुस्तीसाठी घातलेला रोबस्टा १० टक्के चालतो, कारण त्याचं काम सुगंधाचं नाही.

आकाराकडेही लक्ष द्या. फुगलेली मोठी मॉन्सून्ड आणि लहान गोल पीबी एकत्र केली तर वाहतुकीत पिशवी हलून बारीक बिया खाली जातात, मोठ्या वर येतात. किलोची पिशवी उघडल्यावर पहिले शॉट एका चवीचे, शेवटचे दुसऱ्या. पिशवी हॉपरमध्ये ओतण्याआधी मोठ्या भांड्यात काढून हाताने सावकाश वरखाली करून घ्या.

वेगळं भाजा, मग मिसळा

मालवणी मसाला करताना धणे, खसखस, दगडफूल एकाच कढईत एकदम कुणी टाकत नाही. धणे होईपर्यंत खसखस करपते. कॉफीलाही हेच लागू. मॉन्सून्ड ओलसर आणि पोकळ, डोंगरावरची धुतलेली अरेबिका टणक, रोबस्टा आणखी वेगळा. तिन्ही एकत्र भाजल्या तर एक कच्ची राहते, एक जळते. भाजून घेणार असाल तर तिन्ही वेगळ्या भाजून नंतर मिसळायला सांगा. दोन जवळपास सारख्या धुतलेल्या अरेबिका असतील तर एकत्र भाजल्या तरी चालतं, आणि चव थोडी एकजीवही होते.

भाजताना वजन घटतं ते हिशोबात धरा. अरेबिका १५ टक्के आणि जरा जास्त भाजलेला रोबस्टा १८ टक्के घटला, आणि तुम्हाला १० किलो भाजलेल्या ब्लेंडमध्ये ६०:४० हवं असेल, तर कच्ची अरेबिका ६ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ७.०६ किलो, आणि कच्चा रोबस्टा ४ भागिले ०.८२, म्हणजे सुमारे ४.८८ किलो लागेल. कच्च्याचंच ६०:४० धरून चाललात की कपात गणित हलतं.

भाजणीतली दरी फार ठेवू नका. अगदी हलकी अरेबिका आणि काळपट तेलकट रोबस्टा एकत्र दळले की गडद बी ठिसूळ असल्याने तिचा भुगा जास्त होतो आणि ती झटकन विरघळते. हलकी बी टणक, ती मागे राहते. एकाच घोटात आंबट आणि जळकट दोन्ही लागतं, आणि दळण कितीही बदललं तरी सुटत नाही. ब्लेंडमधल्या सगळ्या बिया रंगाने एकमेकींच्या जवळ हव्यात.

चाचणी

चाचणीच्या आधी पाणी. जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मृदू असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी. खाडीलगतच्या विहिरीत क्षार शिरलेले असतात. मृदू आणि क्षारता (आंबटपणा मारण्याची ताकद) कमी असलेल्या पाण्यात तोच ब्लेंड जास्त आंबट लागतो, कारण आंबटपणा मारायला पाण्यात काही नसतं. खारट पाणी चव तर बिघडवतंच, त्यातलं क्लोराइड बॉयलरचं स्टीलही खातं. थेट आरओचं पाणी वापरावं तर कॉफी पोकळ लागते, आणि पुष्कळ मशीनमधला पाण्याची पातळी ओळखणारा दांडा पाण्यातल्या क्षारांमुळे वाहणाऱ्या विजेवर चालत असल्याने त्याला इतकं शुद्ध पाणी कळतच नाही. उपाय मिश्रणाचा: आरओच्या पाण्यात गोड्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी मिसळून कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) ७० ते १०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि क्षारता ४० ते ७० पीपीएमच्या आसपास आणा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे थेंबांचे किट एवढ्या कामाला पुरतात. पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजणारा टीडीएस मीटर नुसता पुरत नाही. तो मीठ आणि कॅल्शियम यांत फरक करत नाही. पाणी ठरल्याशिवाय ब्लेंडच्या प्रमाणाला हात लावू नका.

आता प्रत्येक कॉफी एकेकटी चाखा. १२ ग्रॅम जाडसर पूड, २०० मिली नुकतं उकळून उतरवलेलं पाणी, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढायचा, दहा-बारा मिनिटांनी प्यायचं. तिन्ही वाट्या शेजारी ठेवा आणि रिकाम्या कपात चमच्यांनी मिसळून बघा: सहा चमचे चिकमगळूर, दोन रोबस्टा, दोन मॉन्सून्ड. मग पाच, तीन, दोन. अर्ध्या तासात दिशा कळते आणि कॉफी वाया जात नाही.

ही दिशाच असते. खरा निकाल मशीनवर, कारण बिया एकत्र दळल्या की पाण्याचा वेगही बदलतो. दोन-तीन प्रमाणं निवडून प्रत्येकाचा शंभर ग्रॅमचा घाणा कोरडा मिसळा. शंभर ग्रॅममध्ये पाच शॉट होतात. घाणा बदलताना ग्राइंडरमध्ये अडकलेली आधीची पूड काढण्यासाठी पाच-दहा ग्रॅम दळून टाका. पहिले दोन शॉट दळण जमवण्यात जातील: १८ ग्रॅम आत, ३६ ग्रॅम बाहेर, २८ सेकंदांच्या आसपास. उरलेल्यांपैकी एक काळा, एक तुमच्याच दुधात तुमच्याच कपाएवढा, आणि एक तीन मिनिटं निवू देऊन. निवल्यावर दोष उघडे पडतात. माप काट्यावरच घ्या, मिलिलिटरवर नको. रोबस्टाचा क्रेमा फुगल्याने कप भरल्यासारखा दिसतो आणि आत द्रव कमीच असतो. कपांच्या बुडाला खुणा करून कुणाला तरी क्रम बदलायला सांगा, नाहीतर महाग बी आपोआप चांगली लागते.

बिघडलं तर आधी मशीन आणि दळण तपासा, मग ब्लेंड. शॉट पंधरा सेकंदांत पडला आणि आंबट-पातळ लागला तर दळण जाड आहे, अराकूला दोष देऊ नका. वेळ बरोबर असूनही आंबट असेल तर धुतलेली अरेबिका दहा टक्क्यांनी कमी करून मॉन्सून्ड किंवा चेरी वाढवा. वेळ बरोबर आणि घशाशी कोरडा कडूपणा राहत असेल तर रोबस्टा कमी करा. कडूपणा जळकट असेल तर प्रमाण नव्हे, भाजणी चुकली आहे. क्रेमा भरपूर, फिका, मोठ्या बुडबुड्यांचा आणि लगेच बसणारा असेल तर बिया फार ताज्या आहेत. भाजल्यावर सात ते चौदा दिवस थांबल्याशिवाय एस्प्रेसो स्थिर होत नाही, आणि त्याआधी ब्लेंडबद्दल निकाल देऊ नये.

आपल्या हवेत

ज्या वाऱ्याने गोदामातली कच्ची बी घडते, तोच वारा भाजलेली बी बिघडवतो. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. भाजलेली बी कोरडी ठणठणीत, ती हवेतली ओल ओढते. पूड तर काही मिनिटांत गोळे धरते. बहुतेक वेळा शॉट मंदावतो आणि दळण एक खाच जाड करावं लागतं. त्याच वेळी उघड्या बियांतला वायू निघून गेलेला असला तर शॉट उलट पळतो. म्हणून पावसात दळणाचा कालचा आकडा आज धरू नका. सकाळी काटा आणि घड्याळ घेऊन नव्याने जमवा. हॉपरमध्ये तास-दीड तासाला पुरतील एवढ्याच बिया. रात्री हॉपर रिकामा, बिया हवाबंद डब्यात. रोज तीन-चार कप विकणाऱ्या होमस्टेने किलोच्या पिशव्या घेऊच नयेत, पाव किलोच्या घ्याव्यात. किलोतून फार तर ५५ शॉट निघतात, दळण जमवण्यातली नासाडी धरली तर ५०; त्यावरून पिशवी किती दिवस उघडी राहील ते काढा. दहा दिवसांच्या वर जात असेल तर पिशवी मोठी आहे.

कच्च्या बिया साठवून स्वतः भाजणाऱ्यांनी तर जूनच्या आधीच सोय करावी. कच्च्या बीत ओल ११ टक्क्यांच्या आसपास ठीक. नुसत्या गोणीत ठेवली तर पावसाळ्यात ती १२ च्या वर जाते, बी पांढुरकी पडते आणि बुरशी धरते. ते घरचं मॉन्सूनिंग नव्हे, ती नासलेली कॉफी आहे. गोणीच्या आत हवाबंद पिशवी, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर.

वर्षातून दोनदा ब्लेंड पुन्हा बसवावा लागतो. आपल्याकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, रोबस्टाची डिसेंबर-जानेवारी ते मार्च. नवी अरेबिका वसंतात बाजारात येते आणि सुरुवातीला जुनीपेक्षा जास्त आंबट, जास्त उजळ लागते. नवी मॉन्सून्ड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे डिसेंबरच्या गर्दीच्या तोंडावर. प्रमाण तेच ठेवून बी बदलली तर चव बदलणार. चव तीच ठेवायची तर प्रमाण बदलावं लागेल. त्यासाठी तुलनेला जुनं काहीतरी हातात हवं. जमून आलेल्या ब्लेंडच्या ५०-५० ग्रॅमच्या चार पिशव्या हवा काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. रोजच्या वापराची पिशवी फ्रिजमध्ये आत-बाहेर करणं वाईट. ही मात्र एकदाच उघडायची आहे. नवा माल आला की एक पिशवी बाहेर काढा, दोन्ही शॉट शेजारी ठेवा, आणि एका वेळी एकाच कॉफीचं प्रमाण हलवा. पिशवी खोलीच्या तापमानाला पूर्ण येईपर्यंत, निदान दोन तास, उघडू नका. नाहीतर हवेतली ओल थंड बियांवर दव धरेल आणि तुलना फुकट जाईल.